व्याजदराचा माग कसा काढायचा

माझ्या घरकर्जाचा दर वाढला तेव्हा मी खुशीत होतो, कारण हप्ता तेवढाच राहिला. दर महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून जायचा तोच आकडा जात होता. वर्षाअखेरीस कर्जाचा उतारा हातात पडला आणि नजर शेवटच्या ओळीवर गेली: उरलेले हप्ते. कर्ज घेतलं त्या दिवशी होते त्याहून जास्त! हप्ता न वाढवता मुदत ताणली गेली होती. तसा मेसेजही येऊन गेला होता, मीच तो उघडला नव्हता. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरणारा माणूस मी, आणि घरचा उतारा वर्षभर न बघता बसलो.

तेव्हापासून एक रजिस्टर ठेवलंय. मध्यवर्ती बँकेनं दर जाहीर केला की एक ओळ लिहायची आणि पुढचं दीड वर्ष त्या ओळीपुढचे रकाने भरत राहायचे. मी अर्थतज्ज्ञ नाही. पंप बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात बावीस वर्षं हिशेब सांभाळतोय, एवढीच माझी लायकी. पण ‘दर पाव टक्क्यानं वाढला’ ही बातमी वाचून पुढं काय बघायचं, हे या रजिस्टरनं मला शिकवलं. दर बदलतो एका दिवशी, पण माणसापर्यंत पोचतो तो त्याचा करार नव्यानं होतो तेव्हा. प्रत्येकाची ती तारीख वेगळी. माग काढायचा तो या तारखांचा.

आधी, बदललं ते नेमकं काय

मध्यवर्ती बँक तुमच्या कर्जाचा दर ठरवत नाही. ती ठरवते एका रात्रीचा भाव. दिवसभरात एका बँकेच्या ग्राहकांनी दुसऱ्या बँकांत पैसे पाठवलेले असतात. त्याचा हिशेब मध्यवर्ती बँकेतल्या खात्यांवर मिटतो. कुणाला कमी पडतात, कुणाकडे उरतात. उरलेले पैसे मध्यवर्ती बँकेकडे ठेवून 4 टक्के मिळत असतील, तर शेजारच्या बँकेला 3 टक्क्यांनी कोण देईल? म्हणून जाहीर झालेला दर त्याच दिवशी खरा होतो, त्यासाठी कुणाला पकडून आणावं लागत नाही. रिझर्व्ह बँकेचा रेपो, अमेरिकेच्या फेडचा फेडरल फंड्स दर, युरोपीय मध्यवर्ती बँकेचा ठेवदर, यांच्या रचनेत फरक आहेत, पण काम हेच.

दुसरी गोष्ट हिशेबनिसाला चटकन पटते, इतरांना जरा वेळ लागतो. बँक कर्ज देते ते कुणाच्या ठेवीतून नोटा काढून नव्हे. कर्ज मंजूर झालं की बँकेच्या पुस्तकात दोन नोंदी पडतात: कर्ज कर्जदाराच्या नावे, आणि तेवढीच रक्कम त्याच्या खात्यात जमा. म्हणजे कर्जाबरोबरच ठेव जन्माला आली. अर्थव्यवस्थेतला बहुतेक पैसा असाच तयार होतो आणि कर्ज फिटलं की तसाच नाहीसा होतो. दर वाढला की कर्ज मागणारे कमी होतात, बँकाही हात आखडतात, आणि नवा पैसा कमी तयार होतो. मध्यवर्ती बँक पैसा खेचून घेते असं लोक म्हणतात. कधीकधी घेतेही, पण मुख्य काम होतं ते या न झालेल्या नोंदींतून.

पहिल्या दिवशी काय लिहायचं

दर आणि तारीख तर लिहायचीच. त्यापुढं लगेच महागाईचा दर लिहा आणि वजाबाकी करा. उरतो तो खरा दर. 9 टक्के महागाईत 6 टक्के व्याज म्हणजे कर्जदाराला महागाईच तीन टक्के सूट देतेय, मग बातमीत ‘कडक धोरण’ असा मथळा का असेना.

या वजाबाकीचा उफराटा धडा तुर्कस्ताननं दिला. सप्टेंबर ते डिसेंबर 2021 या चार महिन्यांत तिथल्या मध्यवर्ती बँकेनं दर 19 वरून 14 टक्क्यांवर आणला. महागाई मात्र चढत होती. डिसेंबरात ती 36 टक्क्यांवर पोचली. खरा दर उणे बावीस! बचत करणाऱ्यानं लिरा हातात ठेवायचा कशाला? लिरानं त्या एका वर्षात डॉलरपुढं चाळीस टक्क्यांहून जास्त किंमत गमावली, आयात महागली, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये महागाई 85 टक्क्यांच्या पलीकडे गेली. 2023 च्या मध्याला धोरण फिरलं आणि मार्च 2024 पर्यंत दर 50 टक्क्यांवर न्यावा लागला.

पुढच्या रकान्यात मी लिहितो, लोकांची अपेक्षा काय होती. पाव टक्का वाढ सगळ्यांनी धरलेली असेल आणि तेवढीच झाली, तर त्या दिवशी बाजार जांभई देतो. ती वाढ आधीच भावांत बसलेली असते. उलट काहीही न बदलता नुसत्या शब्दांनी धरणीकंप होऊ शकतो. 22 मे 2013 ला फेडचे अध्यक्ष बेन बर्नान्के अमेरिकी संसदेपुढं एवढंच बोलले, की फेड बाजारातून रोखे (म्हणजे व्याज देणारे कर्जाचे कागद) विकत घेऊन पैसा सोडतेय, ती खरेदी येत्या काही बैठकांत कमी होऊ शकते. दर हलला नाही, खरेदीही त्या दिवशी थांबली नाही. पण आता अमेरिकेत व्याज चढणार, या अंदाजानं जगभरातून पैसा डॉलरकडे वळला. आपला रुपया तेव्हा डॉलरला 55 च्या आसपास होता, ऑगस्टअखेर 68 च्या पलीकडे गेला. त्याच्या उलटं टोक म्हणजे जुलै 2012. युरो वाचवण्यासाठी जे लागेल ते करू, असं युरोपीय मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष मारिओ द्राघी लंडनच्या सभेत म्हणाले. त्यानंतर जाहीर झालेल्या खास योजनेतून एकही रोखा विकत घ्यावा लागला नाही, तरी इटली-स्पेनचे कर्जदर उतरले.

म्हणून निवेदन वाचताना आकड्यापेक्षा क्रियापदं बघा. मागच्या वेळचं निवेदन शेजारी ठेवा आणि कुठला शब्द गळला, कुठला आला, तेवढंच अधोरेखित करा. बाकीचा मजकूर बहुतेक वेळा जुनाच असतो.

सगळ्यांत आधी हलतात ते रोखे

हे एकदा कागदावर करून बघा, मग विसरणार नाही. 100 चा रोखा आहे, दहा वर्षांचा, वर्षाला 3 देणारा. उद्या बाजारात तसेच नवे रोखे 5 देऊ लागले, तर तुमचा जुना रोखा 100 ला कोण घेईल? हिशेब केला तर त्याची किंमत येते सुमारे 84.60. पंधरा टक्के गेले, आणि रोखा काढणाऱ्यानं एकही हप्ता चुकवलेला नाही. तोच रोखा दोन वर्षांचा असता तर किंमत 96.30 च्या आसपास राहिली असती. मुदत जितकी लांब, तितका झोका मोठा.

अमेरिकेत मार्च 2023 मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली ती याच वजाबाकीत. दर शून्याजवळ असताना तिनं ठेवीदारांचे पैसे लांब मुदतीच्या रोख्यांत घातले. मार्च 2022 पासून फेडनं दर 0 ते 0.25 टक्क्यांवरून चढवायला सुरुवात केली, रोख्यांच्या किमती पडल्या. ठेवीदार पैसे मागायला आले तेव्हा ते रोखे तोट्यात विकावे लागले, तोटा जाहीर झाला, आणि मग रांगच लागली. सरकारी रोखे ‘सुरक्षित’ असतात ते मुदतीपर्यंत थांबणाऱ्यासाठी. थांबू देणं हे ठेवीदारांच्या हातात असतं.

आता करार मोजा

माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा रकाना, आणि बातम्यांत तो सापडत नाही. प्रत्येक देशात विचारायचा प्रश्न: इथली कर्जं किती दिवसांनी नव्या दरावर येतात?

अमेरिकेत घरकर्ज बहुतेक तीस वर्षांचं, दर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत कायम. 2021 मध्ये लोकांनी 3 टक्क्यांच्या आसपास कर्ज घेतलं. ऑक्टोबर 2023 मध्ये नव्या कर्जाचा दर 8 टक्क्यांना टेकला, पण जुन्या कर्जदाराच्या हप्त्याला धक्का लागला नाही. मग दरवाढ लागली कुणाला? घर बदलू पाहणाऱ्याला. 3 टक्क्यांचं कर्ज सोडून 8 टक्क्यांचं कोण घेणार? लोक होते तिथंच बसून राहिले आणि 2023 मध्ये जुन्या घरांची विक्री 1995 नंतरच्या नीचांकावर गेली. ब्रिटनमध्ये दर साधारण दोन किंवा पाच वर्षं बांधलेला असतो, त्यामुळं तिथं दरवाढ दरमहा थोड्याथोड्या घरांत शिरते, ज्याची मुदत संपली त्याच्याकडे. आपल्याकडे ऑक्टोबर 2019 पासून बँकांची नवी फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराची, घरकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडलेली असतात आणि दर निदान तीन महिन्यांतून एकदा नव्यानं लागतो. म्हणजे एकच अर्धा टक्का, पण एके ठिकाणी तो तिमाहीत पोचतो, एके ठिकाणी पाच वर्षांत, एके ठिकाणी कधीच नाही.

पोचल्यावर काय करतो ते माझ्या कर्जासारख्या उदाहरणावर दाखवतो. आकडे गोल केलेत, चलन कुठलंही धरा. 30 लाखांचं कर्ज, 20 वर्षं, 4 टक्के. हप्ता येतो 18,179. पहिल्या महिन्यात व्याज 10,000, म्हणजे 8,179 मुद्दल फिटली. आता दर 7 टक्के झाला. वीस वर्षांतच फेडायचं तर हप्ता 23,259, म्हणजे अठ्ठावीस टक्के जास्त. दर तीन टक्क्यांनी वाढला म्हणून हप्ताही तीन टक्क्यांनी वाढेल, असं समजणारी शिकलेली माणसं मी पाहिलीत.

आणि हप्ता 18,179 वरच ठेवला तर? व्याजच 17,500 होतं. मुद्दल फिटते महिन्याला 679. त्याच हप्त्यानं कर्ज संपायला 565 महिने लागतील. सत्तेचाळीस वर्षं! दर साडेसात झाला तर व्याज 18,750, हप्त्याहून जास्त. म्हणजे हप्ता भरत राहायचं आणि कर्ज वाढत राहायचं. माझी वेळ इतकी वाईट नव्हती, पण दिशा हीच होती. मी बँकेत फोन करून हप्ता वाढवून द्या म्हणालो, तर पलीकडच्या मुलीनं दोनदा विचारलं, “सर, कमी करून ना?”

यातूनच अर्थव्यवस्थेवरचा परिणाम कळतो. हप्ता वाढलेलं घर लगेच खर्च कापतं. मुदत ताणलेलं घर आज काहीच कापत नाही. हेच पुढची वीस-पंचवीस वर्षं कापत राहतं, आणि धोरण ठरवणाऱ्यांना मात्र वाटतं, दरवाढ लागूच पडत नाही.

वहीचं दुसरं पान ठेवीदारांचं ठेवा. ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला दरवाढ म्हणजे पगारवाढ. फक्त बँका कर्जाचा दर वाढवताना जी चपळाई दाखवतात ती ठेवीचा दर वाढवताना दाखवत नाहीत, त्यामुळं दोन्ही पानांवरच्या तारखा जुळत नाहीत.

ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही त्याच्याकडे दर कसा पोचतो

आमच्याकडे येतो तसा. कारखान्याचं कॅश क्रेडिट खातं आहे: कच्चा माल, तयार पंप आणि गिऱ्हाइकांकडची येणी यांच्या तारणावर बँक खेळतं भांडवल देते. समजा 60 लाख उचललेत आणि दर 9 वरून साडेअकरा झाला. वर्षाचं व्याज दीड लाखानं वाढलं. मालक याच आकड्याकडे बघून कपाळाला हात लावतात.

मी त्यांना दुसरा आकडा दाखवतो. दिवसाला एक लाखाची विक्री धरा. एरवी गिऱ्हाइकं 45 दिवसांत पैसे देत. दर चढल्यावर त्यांच्याही खात्यावर व्याज चढलं, मग त्यांनी काय केलं? आमचे पैसे उशिरा द्यायला लागले. आमची उधारी त्यांना बँकेपेक्षा स्वस्त पडते, कारण आम्ही व्याज लावत नाही. लावलं तर पुढची ऑर्डर जाते. 45 चे 70 दिवस झाले. पंचवीस दिवसांचे पंचवीस लाख जास्तीचे अडकले, आणि त्यावर साडेअकरा टक्क्यांनी 2,87,500 व्याज. बँकेनं वाढवलेल्या दराचे दीड लाख, गिऱ्हाइकांच्या उशिराचे त्याच्या जवळजवळ दुप्पट. हा दुसरा फटका कुठल्याही निवेदनात नसतो. तो फक्त आमच्या येण्यांच्या यादीत दिसतो.

मग आम्ही काय करतो? तेच. कास्टिंगवाल्याचे पैसे लांबवतो. माल कमी भरतो. ओव्हरटाइम बंद होतो. नवीन मशीनचं कोटेशन फाइलमध्ये जातं. ओव्हरटाइम बंद झालेल्या कामगाराच्या नावावर कसलंच कर्ज नसतं, पण दरवाढ त्याच्या पगाराच्या पाकिटात येऊन पोचलेली असते. तो घरी जाऊन खर्च कमी करतो, आणि मग कुणाचंतरी दुकान थंडावतं. महागाई उतरते ती या वाटेनं. हे लिहायला सोपं आहे, बघायला नाही.

तुम्ही व्यवसायात असाल तर दरमहा एकच आकडा काढा: येणी भागिले रोजची विक्री. हे दिवस वाढायला लागले की समजा, दर तुमच्या आळीत आलाय. नोकरीत असाल तर ओव्हरटाइम आणि रिकाम्या जागांच्या जाहिराती बघा. माणसं काढणं फार नंतर येतं.

विनिमय दराची वाट थोडक्यात सांगतो. देशात दर चढले की बाहेरचा पैसा चांगल्या व्याजासाठी येतो, चलन वधारतं, आयात स्वस्त होते आणि निर्यातदाराचं नुकसान होतं. याला अपवाद भरपूर. पण मोठ्या देशाच्या दरवाढीचा चटका दुसऱ्याला बसतो तो हमखास इथं. ज्यांनी डॉलरमध्ये कर्ज घेतलंय त्यांचं व्याजही वाढतं आणि डॉलरही महागतो. ऑगस्ट 1982 मध्ये मेक्सिकोनं कर्ज फेडता येत नाही असं सांगितलं, त्यामागं अमेरिकेतले चढे दर मोठं कारण होते.

दर काय करू शकत नाही

तेलाचे टँकर अडकले, पाऊस फसला, चिप मिळेना, तर व्याजदर त्यातलं काही आणून देत नाही. तो फक्त मागणी दाबतो, म्हणजे कमी मालासाठी भांडणारी माणसं कमी करतो. उलट बाजूलाही मर्यादा आहे. स्वस्त कर्ज समोर ठेवता येतं, घ्यायला लावता येत नाही. जपाननं फेब्रुवारी 1999 मध्ये दर शून्यावर नेला, जानेवारी 2016 मध्ये उणे 0.1 टक्के केला, आणि मार्च 2024 मध्ये कुठं त्या उणे दरातून बाहेर पडला. ऑर्डरच नसेल तर फुकटच्या पैशानं मशीन घेऊन मी तरी करू काय?

शेवटचा रकाना

परिणाम उशिरा दिसतो, आणि किती उशिरा हे आधी सांगता येत नाही, असं अमेरिकी अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन सांगत आले. धोरण ठरवणाऱ्यांची खरी पंचाईत हीच. पॉल व्होल्कर ऑगस्ट 1979 मध्ये फेडचे अध्यक्ष झाले. अमेरिकेतला दर 20 टक्क्यांच्या आसपास गेला. घरं बांधणाऱ्यांनी त्यांना लाकडाचे तुकडे टपालानं पाठवले, घरं खपत नाहीत तर हे घ्या म्हणून. मोटारविक्रेत्यांनी न विकलेल्या गाड्यांच्या किल्ल्या पाठवल्या. 1980 मध्ये 14 टक्क्यांवर गेलेली महागाई 1983 मध्ये 4 टक्क्यांच्या खाली आली, पण मधे 1982 अखेर बेरोजगारी 10.8 टक्के झाली होती. दर वाढवल्यावर सहा महिन्यांनी कुणी हिशेब मांडला असता तर ‘उपयोग नाही’ असाच निघाला असता.

म्हणून माझ्या रजिस्टरात प्रत्येक ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं एक तारीख असते, जाहीर झाल्यापासून अठरा महिन्यांनंतरची. त्याआधी तिथं निकाल लिहायचा नाही. मधल्या काळात दर फिरला तरी जुनी ओळ खोडायची नाही, कारण तिचा परिणाम अजून वाटेतच असतो. आजचं दुकान थंड असेल तर त्याचं कारण कदाचित मागच्या वर्षीच्या ओळीत सापडेल, कालच्या बातमीत नाही.

परवा मालक केबिनमधून बाहेर आले. म्हणाले, दर उतरलाय, आता ते मशीन घेऊन टाकू. मी फाइलमधून कोटेशन काढलं आणि त्यावर येण्यांची यादी ठेवली. कपात तीन महिन्यांपूर्वीची, आमच्या खात्याला ती लागणार पुढच्या तिमाहीत, आणि गिऱ्हाइकं अजून 68 दिवस लावतायत. “पन्नासच्या खाली येऊ द्या,” म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण जाताना कोटेशन माझ्याच टेबलावर ठेवून गेले.